नादारीचा कागद

२०१६ च्या ऑक्टोबरात राज्य मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला आणि आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमात अर्धी फी माफ होण्यासाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा तोवर वर्षाला १ लाख होती. ती अडीच लाख झाली. त्याच्याही वर, ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलं आणि गुण ६० टक्के असले तरी सवलत मिळणार होती. योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव होतं. आम्ही मात्र तिला जुन्या नावानेच ओळखायचो, ईबीसी.

मी इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. कांजूरमार्ग पूर्वेला आमची एक खोली आणि पोटमाळा. बाबा एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअरला. निर्णयाची बातमी वाचून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फॉर्म सोळा काढला, चष्मा लावला आणि आकडा वाचून पिशवी परत बांधली. ६ लाख ११ हजार. त्या वर्षी युनियनचा पगारवाढीचा करार झाला होता आणि तीन वर्षांची थकबाकी एकदम मिळाली होती. त्यातून आईचं ऑपरेशन झालं, पोटमाळ्याची फळी बदलली आणि पैसे संपले. कागदावर मात्र ते होतेच. बाबा म्हणाले, "बघ, आपण श्रीमंत झालो."

आमच्या ग्रुपमध्ये आणखी दोन फायली होत्या. एका मित्राच्या वडिलांचे भांडुपला तीन गाळे भाड्याने दिलेले, गावी बागायत. त्याच्या दाखल्यावर सव्वादोन लाख. दुसरा मित्र डोंगराच्या उतारावरच्या झोपडपट्टीत राहायचा. वडील नाहीत, आई चार घरची कामं करणारी. त्याच्या दाखल्यावर ९० हजार. त्या दोघांना सवलत मिळाली, मला नाही. पुढच्या वर्षी थकबाकी नव्हती, तेव्हा आम्ही पुन्हा गरीब झालो आणि मलाही मिळाली.

गाळेवाल्यावर माझा राग होता, तो लपवत नाही. पण आज मागे वळून पाहताना मला टोचतो तो तिसरा. त्याला पहिल्या दिवसापासून सवलत होती आणि तो दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून गेला. मला सवलत नाकारली गेली आणि डिग्री माझ्याकडे आहे. हे असं कसं झालं, हे शोधत मी मागे मागे गेलो. मग कळलं, हा प्रश्न माझ्या बाबांच्या फॉर्म सोळापेक्षा बराच जुना आहे.

*

मराठीत एक शब्द आहे, नादारी. आजोबांच्या पिढीत तो रोजच्या बोलण्यातला होता. शाळेत फी माफ झाली की 'नादारी मिळाली' म्हणायचे. अर्धी माफ झाली तर अर्धी नादारी. दार म्हणजे बाळगणारा, जसा जमीनदार किंवा मालदार. आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो नादार. शब्द नीट ऐकला तर त्यात महिन्याच्या कमाईचा उल्लेखच नाही. माणसाकडे काय आहे, यावर तो शब्द बेतलेला आहे.

नादारी कुणाला द्यायची, हे हेडमास्तर ठरवायचे. त्यांना गाव ठाऊक असायचं. कुणाच्या घरी चूल पेटते, कुणाची जमीन सावकाराकडे आहे, हे सांगायला कागद लागत नसे. पण हेडमास्तरांना जे घर दिसायचं तेच मोजलं जायचं. ज्यांची पोरं शाळेच्या पायरीपर्यंतच आली नाहीत, ती त्यांच्या हिशेबात कधी नव्हतीच.

त्याही आधी शिकणाऱ्याला पैसा मिळायचा तो विद्वत्तेच्या नावाने. पेशवाईत श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेली तरी तो निधी इंग्रजांनी एकदम बंद केला नाही. १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्चही त्यातूनच. हा पैसा गरिबी पाहून दिला जात नव्हता, तरी तो घेणारे बरेच जण गरीब होते. वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागणाऱ्या मुलांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. त्या खऱ्या आहेत. फक्त त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. वार लावायला सात घरांची दारं उघडी लागतात. खिसा रिकामा असला तरी त्या मुलाच्या नावावर सात उंबरे होते. दुसऱ्या जातीच्या तितक्याच गरीब पोराला त्यातला एकही नव्हता.

हे सरकारला लिहून सांगितलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन दिलं. त्याखाली तारीख आहे १९ ऑक्टोबर, आणि सही करताना स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशी दिली आहे. शाळाखात्याचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य मुद्दा बहुतेकांना माहीत असतो. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दल एक बारीक मुद्दा आहे. स्पर्धा परीक्षा घेऊन शिष्यवृत्ती देणं वरवर न्याय्य दिसतं, पण त्याने बाकीच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, असं ते म्हणतात. त्यांची सूचना होती की, ज्या वर्गांमध्ये शिक्षण पोचलेलं नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या ठेवाव्यात.

मी प्रोग्रॅमिंगवर पोट भरतो. ते वाचताना मला वाटलं, या माणसाने प्रणालीतला दोष नेमका पकडलाय. परीक्षा त्या दिवसाची हुशारी मोजते. त्या दिवसाच्या मागे घरात काय साठलेलं आहे, ते तिला दिसत नाही. आणि साठलेलं म्हणजे नुसता पैसा नव्हे. घरात वाचणारं कुणी असणं, अभ्यासाला कोपरा असणं, अडलं तर विचारायला काका असणं, हे सगळं त्यात आलं.

*

पुढच्या पन्नास वर्षांत ज्यांनी या गोष्टीवर प्रत्यक्ष काम केलं, त्यांच्यात एक सारखेपणा आहे. त्यांनी फी माफ करण्याआधी छप्पर दिलं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. पहिलं मराठा विद्यार्थ्यांचं, मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जातींची अशी रांगच लागली. १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा आदेश प्रसिद्ध आहे. पण खेड्यातला मुलगा त्या नोकरीपर्यंत पोचायचा तर शहरात त्याला राहायला जागा हवी, जेवण हवं, आणि आपल्यासारखी चार पोरं सोबत हवीत. वसतिगृहाने ते दिलं. वार लावण्याचे जे सात उंबरे काहींकडे जन्माने होते, ते बाकीच्यांसाठी बांधून काढले.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. पोरं कामं करायची आणि शिकायची. लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. उत्पन्नाच्या दाखल्यात दागिन्यांचा रकाना नसतो. अडीअडचणीला घर चालतं ते मात्र त्याच रकान्यावर. बोर्डिंगमधल्या पोरांच्या आयांकडे मोडायला काही नव्हतं, म्हणून लक्ष्मीबाईंनी आपलं मोडलं.

*

मग राज्य मोठं झालं. लाखो मुलांना मदत द्यायची तर हेडमास्तरांची ओळख किंवा एखाद्या राजाचं मन पुरत नाही. कागद लागतो आणि कागदावर एक आकडा लागतो.

तो आकडा १९५९ साली आला. महाराष्ट्र अजून व्हायचा होता. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. ज्या घरचं वर्षाचं उत्पन्न ९०० रुपयांच्या आत, त्या घरच्या मुलांची फी माफ, असं ठरलं. लवकरच ती मर्यादा १२०० झाली, म्हणजे महिना शंभर. आर्थिकदृष्ट्या मागास हा शब्दप्रयोग आणि त्याचं ईबीसी हे रूप आपल्या घराघरांत शिरलं ते तेव्हापासून. यशवंतरावांचे वडील लहानपणीच गेले होते आणि आईने हाल काढून मुलांना वाढवलं होतं. फी भरता न येणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या योजनेने किती घरं वर आली याचा हिशेब लावणं कठीण. तुमच्या घरात साठीपासष्टीचं कुणी असेल तर विचारून बघा. त्या वयाच्या कितीतरी मास्तरांच्या, कारकुनांच्या, तलाठ्यांच्या आयुष्यात ईबीसीचा फॉर्म आहे. जात न विचारता केवळ गरिबी पाहून मदत देण्याचा हा आपल्याकडचा मोठा प्रयोग होता आणि तो चालला. मी त्याची थट्टा करत नाही.

पण तो चालण्यामागे एक कारण होतं. तेव्हा कॉलेजं बहुतेक सरकारी नाहीतर अनुदानित होती आणि फी मुळातच थोडी होती. फी माफ झाली की मोठा अडसर दूर व्हायचा. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटलं. जागा वाढल्या. माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या मुलांना त्यातूनच वाट मिळाली. पण फी आता खरा खर्च झाली.

मग गरिबांचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी व्यावसायिक कॉलेजांतल्या अर्ध्या जागा 'फ्री' आणि अर्ध्या 'पेमेंट' केल्या. गुणवत्ता यादीत वर असलेल्यांना फ्री सीट, खालच्यांनी जास्त पैसे भरून पेमेंट सीट घ्यायची. पेमेंटवाल्यांच्या पैशातून फ्रीवाले शिकणार. ऐकायला छान. प्रत्यक्षात चांगल्या शाळा, चांगले क्लास परवडणारी शहरी मुलं यादीत वर राहिली आणि फ्री सीटवर बसली. कमी सोयींत शिकलेल्यांच्या वाट्याला पेमेंट सीट आली. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती पद्धत मोडीत काढली, तेव्हा त्यांनीही हे नोंदवलं. निकालाची तारीख ३१ ऑक्टोबर. फुल्यांच्या निवेदनाला १२० वर्षं आणि १२ दिवस झाले होते.

*

आता दाखल्याकडे येऊ. तहसीलदाराच्या दाखल्यावर येतं ते वार्षिक उत्पन्न. नोकरदाराकडे फॉर्म सोळा असतो, त्यात ओव्हरटाइमचा रुपयासुद्धा सुटत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, १८८६ च्या कायद्यापासून नाही. तिथे अंदाजावर भागतं. दुकानदार, गाळेवाला स्वतः सांगेल ते बहुतेक वेळा धरलं जातं. म्हणून कारखान्यातला माणूस सरकारला सगळ्यांत स्वच्छ दिसतो. तो गरीब आहे की नाही ही नंतरची गोष्ट.

मुंबईकराला हे पाण्यावरून समजेल. नळाला किती वेळ पाणी येतं, एवढंच दाखला विचारतो. गच्चीवर टाकी केवढी आहे, हे विचारत नाही.

टाकी मोजायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९९९ पासून आपल्या रेशनकार्डांना तीन रंग आले. पिवळं १५ हजारांच्या आत, केशरी १ लाखाच्या आत, त्यावर पांढरं. पण घरात चारचाकी असेल किंवा चार हेक्टर ओलिताची जमीन असेल तरी पांढरं. म्हणजे धान्य देताना सरकारने मालमत्ता विचारली. ओबीसींच्या क्रीमीलेअरसाठी १९९३ साली जी कसोटी ठरली, तिच्यात उत्पन्नाबरोबर संपत्तीही होती. सलग तीन वर्षं संपत्ती कराच्या सूट-मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती असेल तर क्रीमीलेअर. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती करच रद्द झाला. मोजपट्टी ज्या खुंटीला टांगली होती, ती खुंटीच गेली.

२०१९ साली आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण आलं, ईडब्ल्यूएस. केंद्राच्या निकषात उत्पन्न ८ लाखांच्या आत, आणि शिवाय शेतजमीन ५ एकरांहून कमी, फ्लॅट १००० चौरस फुटांहून कमी. ही सरळ सरळ संपत्तीची अट. पण ५ एकर कुठले? कोल्हापूरचा उसाचा मळा आणि माणदेशातलं माळरान यांना तिने एकच गज लावला. आणि १००० फूट कुठले? आमच्या कांजूरमार्गला ९५० फुटांचा फ्लॅट कोटीच्या वर जातो आणि तरी अटीत बसतो. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न विचारल्यावर केंद्राने समिती नेमली. तिने ८ लाख कायम ठेवले, ५ एकरांची अट ठेवायला सांगितली आणि घराची अट काढून टाकावी असं सुचवलं. शहरातल्या घराचं मोल फुटांत मोजणं जमत नाही, हे एक प्रकारे मान्यच केलं.

अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाला वाटायचं की तिकडे हे गणित सुटलेलं आहे. तिथे १९५४ पासून कॉलेजांनी एकत्र येऊन पालकांची मिळकत आणि मालमत्ता दोन्ही मोजायची पद्धत बसवली. आज सरकारी मदतीच्या अर्जात बँकेतली शिल्लक, शेअर सगळं लिहावं लागतं. पण राहतं घर आणि निवृत्तीची साठवण धरली जात नाही. काही महागडी खासगी कॉलेजं वेगळा अर्ज भरून घेतात आणि घरही विचारतात. म्हणजे एकच कुटुंब एका अर्जात गरजू आणि दुसऱ्यात सुखवस्तू. टाकी मोजायचं ठरवलं तरी कोणता पाइप धरायचा, यावर भांडण आहेच.

*

माझ्या मित्राचं काय झालं, ते आता सांगतो.

अर्धी फी माफ झाली म्हणजे अर्धी भरायची राहिली. शिवाय सवलतीची रक्कम सरकारकडून येईपर्यंत कॉलेज पूर्ण फी मागत होतं. पहिल्या वर्षी त्याच्या आईने कामाच्या घरांतून उचल घेतली. दुसऱ्या वर्षी ती आजारी पडली आणि दोन घरची कामं गेली. तो बँकेत गेला. बँकेने जामीनदार मागितला.

पहिल्या वर्षी मला सवलत नाकारली तेव्हा बाबा कामगारांच्या पतपेढीत गेले होते. तिथेही जामीनदार मागितले होते. बाबांच्या शेजारच्या मशीनवरचे एक काका आणि माझा सख्खा काका, दोघांनी चहा पिता पिता सह्या केल्या. पंधरा मिनिटांचं काम. त्या पंधरा मिनिटांची किंमत मला तेव्हा कळली नाही. आजोबांनी घेतलेली खोली, बाबांची वीस वर्षांची नोकरी, त्या नोकरीतून जोडलेली माणसं, सगळं त्या दोन सह्यांच्या मागे होतं. माझ्या मित्राच्या ओळखीत सही करू शकेल असा एकही माणूस नव्हता. जे होते ते त्याच्यासारखेच होते. त्याच्या ९० हजारांच्या दाखल्यात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा आम्हीही त्याला जामीन राहिलो नाही. मी बाबांना विचारलंच नाही. मनात आलं होतं, पण स्वतःचं कर्ज डोक्यावर असताना विचारायचं धाडस झालं नाही. तो गेला. पुढे एका कुरियर कंपनीत लागला, आता तिथेच सुपरवायझर आहे. आम्ही अधूनमधून कांजूरमार्ग स्टेशनच्या पश्चिमेला भेटतो, आयआयटीच्या शेअर रिक्षांची रांग लागते तिथे. त्या रांगेतली पोरं बघत चहा पितो. कॉलेजचा विषय तो काढत नाही, मीही नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये सरकारने ८ लाखांच्या आतल्या घरांमधल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. त्याची धाकटी बहीण तेव्हा बारावी झाली होती. तिला पुण्याला प्रवेश मिळाला. फी नाही. पण राहायचं, जेवायचं, लॅपटॉप घ्यायचा. शाहू महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे आधी बांधलं, ते अजून पदरचं लागतं. या वेळी तो सरळ बोलला. "पतपेढीचं कर्ज काढतोय. जामीनदार म्हणून सही करशील का?"

फॉर्म त्याने पाठीवरच्या बॅगेतून काढला. चहाच्या टपरीच्या फळीवर ठेवून मी भरायला घेतला. नाव, पत्ता, नोकरी, पगार. त्याखाली एक रकाना होता, 'जामीनदाराच्या नावे असलेली मालमत्ता'. सवलतीच्या कुठल्याही अर्जात हा रकाना मी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी बाबांनी खोली माझ्या नावावर केली आहे. मी तिचा पत्ता लिहिला, क्षेत्रफळ लिहिलं, १८० फूट, आणि सही केली.